खोली आणि पंगत

वसतिगृह हा विषय मराठी टीकेनें स्वतंत्रपणें हातीं घेतला आहे असें म्हणतां येणार नाहीं. कादंबरीचा नायक कॉलेजांत शिकत असला म्हणजे तो कोठें तरी राहात असणार, हें टीकाकार गृहीत धरतो. आणि तो कोणावर प्रेम करतो किंवा कशाला कंटाळतो, याच्या विवरणांत आपली लेखणी गुंतवतो. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ सालीं प्रसिद्ध झाली तेव्हांपासून मात्र एक निराळाच पायंडा पडला. या कादंबरीचा बराच भाग पुण्यांतील एका कॉलेजच्या वसतिगृहांत घडतो. त्यामुळें वसतिगृह म्हणजे एकाकीपणा, वसतिगृहाची खोली म्हणजे घरापासून तुटलेल्या मनाची कोठडी, असें एक समीकरण आमच्या टीकेंत रूढ होऊन बसलें. आज मराठीच्या वरच्या वर्गांत 'कोसला' शिकवावयास घ्यावी, तर विद्यार्थी हें समीकरण तोंडपाठ करूनच आलेले असतात. अस्तित्ववाद, परात्मता, तुटलेपण हे शब्द त्यांच्या उत्तरपत्रिकांत इतक्या सफाईनें उतरतात कीं, लिहिणाऱ्यांपैकीं पुष्कळसे स्वतःच वसतिगृहांत राहतात आणि सायंकाळीं सातच्या सुमारास मेसच्या दाराशीं ताट घेऊन उभे असतात, याचा तपासनिसाला पत्ताहि लागूं नये.

या समीकरणांत एक महत्त्वाची गोष्ट सुटली आहे. ती सुटल्यामुळें 'कोसला'चें वाचन अपुरें राहिलें आहेच. पण त्याहून मोठें नुकसान असें कीं, तिच्या अगदीं शेजारीं उभ्या असलेल्या दुसऱ्या एका वाङ्मयाशीं तिचें नातें आम्हांस दिसेनासें झालें आहे. वसतिगृहाला दोन अंगें असतात. एक खोली, दुसरें पंगत. खोलींत माणूस आपल्यापुरता असतो. पंगतींत त्याला दुसऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसावें लागतें, आणि तसें बसूं दिलें जाईल कीं नाहीं हें नेहमींच त्याच्या हातीं नसतें. इंग्रजी वाङ्मयावर पोसलेल्या आमच्या रसिकतेला खोली चटकन् ओळखूं आली. पंगत तिच्या डोळ्यांआड राहिली. आणि महाराष्ट्रांतील विद्यार्थी-वसतिगृहांचा इतिहास पाहूं गेल्यास तो बव्हंशीं पंगतीचाच इतिहास आहे.

'कोसला'पूर्वींच्या कादंबरीकडे पाहिलें तर ही डोळेझांक जुनी असल्याचें दिसतें. ना. सी. फडके हे स्वतः प्राध्यापक. 'जादूगार' (१९२८) आणि 'दौलत' (१९२९) या काळापासून सुशिक्षित तरुणांचें एक झुळझुळीत जग त्यांनीं मराठी वाचकाच्या घरांत आणून सोडलें. त्या जगांतला तरुण नीटनेटका आहे, बोलका आहे, त्याच्या कपड्यांची घडी मोडलेली नसते. तो जेवतो कोठें, त्याच्या जेवणाचें बिल महिन्याअखेर कोण भागवतो, शेजारच्या पाटावर कोण बसतें, याची चौकशी वाचकाला करावीशी वाटत नाहीं, इतकी त्या कथानकांची गति मोहक असते. याबद्दल एकट्या फडक्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. कादंबरींतील पात्रांनीं प्रेम करावें, पत्रें लिहावींत, क्वचित् आजारी पडावें; पोटभर जेवूं मात्र नये, असा संकेत इंग्रजी कादंबरीनेंहि पुष्कळ काळ पाळला होता.

व्हर्जिनिया वुल्फ यांनीं हा संकेत हेरला आणि 'अ रूम ऑफ वन्स ओन' (१९२९) या छोटेखानी पुस्तकांत हेतुपुरस्सर मोडला. १९२८ च्या ऑक्टोबरांत केंब्रिज येथील स्त्रियांच्या दोन कॉलेजांत त्यांनीं दिलेल्या व्याख्यानांतून हें पुस्तक सिद्ध झालें. पुस्तकाचें नांव खोलीवरून पडलें आणि तें नांवच जगभर गाजलें. पण त्यांतील युक्तिवादाचा पाया दोन जेवणांवर रचलेला आहे. दुपारीं पुरुषांच्या कॉलेजांत मासे, तितर, उंची गोड पदार्थ आणि मद्य. रात्रीं स्त्रियांच्या कॉलेजांत पाणचट सूप, मांस, भाजी, बटाटे, शेवटीं शिजवलेले आलुबुखार, कोरडीं बिस्किटें आणि पिण्यास पाणी. एका संस्थेला शतकानुशतकें देणग्या मिळत आल्या आणि दुसरीला मिळाल्या नाहींत, याचा परिणाम ताटांतून बुद्धीपर्यंत कसा पोंचतो हें लेखिकेला दाखवावयाचें आहे. खोलीची मागणी त्याच्या मागून येते. आमच्याकडे या पुस्तकाचें नांव व्यासपीठावरून वारंवार घेतलें जातें. त्यांतल्या आलुबुखारांचा उल्लेख मात्र क्वचितच कानीं पडतो.

इंग्रज लोकांना विद्येच्या संस्थेंत सहभोजनाचें काय मोल आहे हें चांगलें ठाऊक होतें. बॅरिस्टर होऊं इच्छिणाऱ्या उमेदवारानें परीक्षा तर द्यावीच, पण आपल्या 'इन'च्या भोजनगृहांत प्रत्येक सत्रीं ठराविक वेळां जेवण्यास हजरहि राहावें, असा तेथला नियम. गांधींनीं आपल्या आत्मकथेंत या जेवणांची हकीगत मोठ्या मिस्किलपणें सांगितली आहे. चौघांच्या टेबलाला मद्याच्या दोन बाटल्या मिळत. आणि हा गृहस्थ मद्य पीत नसल्यामुळें आपल्या टेबलावर यानेंच बसावें म्हणून त्याला मोठी मागणी असे. पंक्तीला बसणें हा शिक्षणाचा भाग आहे, ही गोष्ट ज्यांच्या वाङ्मयापासून आम्हीं कादंबरी घेतली त्यांच्या नियमांतच लिहिलेली होती. आम्हीं कादंबरी तेवढी घेतली.

हें ध्यानांत ठेवून आतां 'कोसला'कडे वळूं. पांडुरंग सांगवीकर हा खानदेशांतील एका खेड्यांतला, खात्यापित्या शेतकरी घरचा मुलगा. वडील गांवांत वजनदार आणि घरांत कडक. मॅट्रिक झाल्यावर तो पुण्यास येतो आणि वसतिगृहांत राहूं लागतो. आरंभीं त्याचा उत्साह दांडगा आहे. वक्तृत्वमंडळ, स्नेहसंमेलन, वसतिगृहाचें प्रीफेक्टपण, मेसच्या भानगडी, जें समोर येईल तें तो अंगावर घेतो. मित्रांवर तो पैसे उधळतो, आणि मित्र ते आनंदानें उधळून घेतात. यथाकाळ परीक्षा बिघडते, देणें वाढतें, वडिलांकडे पुनःपुन्हां हात पसरावा लागतो आणि त्या पसरण्याची लाज वाटूं लागते. अशांतच धाकटी बहीण मनी जाते. आणि तेथें कादंबरीला असा एक चरा पडतो कीं, तो शेवटपर्यंत भरून येत नाहीं. अखेर तो पदवीवांचून गांवीं परततो.

या कथेंतला एकाकीपणा मी नाकारूं इच्छीत नाहीं. मनीच्या मृत्यूचीं पानें मराठी गद्यांत ज्या थोड्या जागीं शोक आक्रोशावांचून उभा राहिला आहे त्यांपैकीं एक आहेत. 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' या दोन शब्दांच्या आडोशानें स्वतःचें दुःख झांकून ठेवण्याची जी तऱ्हा नेमाडे यांनीं शोधून काढली, तिची नक्कल पुढें शेंकडोंनीं केली. साधली कोणालाच नाहीं. भावी काळांतील इतिहाससंशोधक या वसतिगृहाचे अवशेष तपासून गंभीर सिद्धांत मांडीत आहेत, असें जें विडंबन त्यांत येतें, तें तर आम्हां प्राध्यापकमंडळींनीं वर्षांतून एकदां तरी सक्तीनें वाचावें असें आहे.

परंतु सांगवीकराला त्या वसतिगृहांत खालीं ओढतें तें काय? टीकाकार म्हणतात, जीवनाची निरर्थकता. पानें उलटून पाहावीं तर ठायीं ठायीं आढळतो तो हिशेब. कोणी कोणाला चहा पाजला, कोणाचे पैसे कोणाकडे अडकले, घरून किती आले, ते किती दिवसांत संपले, आतां घरीं लिहावयाचें तें काय सबबीवर. या कादंबरीचा अस्थिपंजर पैशाचा आहे, आणि तो पैसा शेतांतून येतो. नायकाला वडिलांचा तिटकारा आहे. त्यांच्या व्यवहारीपणाची त्याला किळस येते. आणि त्याच व्यवहारीपणावर त्याचें ताट रोज मांडलें जातें, हेंहि तो एक क्षण विसरूं शकत नाहीं. त्याच्या एकाकीपणाची मुळी या न विसरण्यांत आहे. वसतिगृहाच्या पंगतींत तो नेहमीं वाढणाऱ्याच्या जागीं उभा असतो, आणि वाढण्यास घेतलेलें धान्य आपलें नव्हे हें त्याला माहीत असतें. परंतु उद्यां ताट मिळेल कीं नाहीं, ही शंका त्याच्या मनाला कधीं शिवत नाहीं. खोलीचा एकांत बोचण्यास ही निश्चिंति पुरेशी नसेल. पण ती अवश्य आहे.

टीकाकारांनीं त्याला कामूच्या नायकाशेजारीं आणि सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय' (१९५१) मधील पोराशेजारीं नेऊन बसवलें. बसवोत बापडे, जागा अगदींच चुकीची नाहीं. पण त्याचा अगदीं जवळचा शेजारी फ्रान्समध्यें किंवा अमेरिकेंत नव्हता. तो साधारण त्याच वर्षांत मराठवाड्यांत भाकरीच्या शोधांत हिंडत शाळा शिकत होता आणि पुढें औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयापर्यंत पोंचला. त्याच्या पुस्तकाकडे जाण्यापूर्वीं ही पंगत महाराष्ट्रांत मांडली कशी गेली, हें पाहणें जरूर आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यासारख्या शहरीं शिकावयास आलेल्या गरीब ब्राह्मण मुलाला जेवणाची एक बरी-वाईट सोय होती. तो माधुकरी मागे, नाहीं तर वार लावून जेवे. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं. त्या जेवणांत अपमान होता, पहिल्या पिढीच्या आत्मचरित्रांत त्याच्या कडवट आठवणी आहेत. पण सोय होती. जातीनेंच ती लावून दिलेली होती. कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या मुलाला शहरांत असा वार देणारें घर नव्हतें. आमच्या वसतिगृहांच्या इतिहासाचा उगम या एका फरकांत आहे, आणि आत्मचरित्रांच्या टीकेंत वारांवर जेवढें लिहिलें गेलें त्याच्या शतांशानेंहि या फरकावर लिहिलें गेलेलें नाहीं.

कोल्हापूरचे शाहू महाराज १८९४ सालीं राज्यावर आले. राजाराम कॉलेजच्या जोडीला सर्व जातींच्या मुलांचें एक वसतिगृह चालवून पाहण्याचा त्यांचा आरंभींचा प्रयत्न होता. त्याचा लाभ अखेर ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरताच उरला. मग १९०१ च्या एप्रिलांत व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें. त्याच सालीं जैनांचें, पुढें मुसलमानांचें, आणि १९०८ सालीं अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग. १९२२ त महाराज वारले तेव्हां त्या एका शहरांत विसाच्या आसपास वसतिगृहें उभीं होतीं. जातवार वसतिगृहें काढून महाराजांनीं जाति पक्क्या केल्या, असा आक्षेप तेव्हांहि घेतला जाई आणि अद्यापहि कोणी घेतो. आक्षेपकांनीं हें पाहिलें नाहीं कीं, शाळेंत एका बाकावर बसवणें राजाच्या हुकमानें साधण्यासारखें होतें. एका पंगतीला बसवणें हुकमानें साधेना. तेव्हां महाराजांनीं पंगतीचे तुकडे केले आणि ताटांची संख्या वाढवली. तत्त्वाला बाध आला, मुलें जेवलीं. या दोहोंत कोणतें वजनदार याचा निर्णय ज्यांना लहानपणीं वाराचें घर होतें त्यांनीं फार घाईनें देऊं नये.

तुकड्यांचीहि एक किंमत होतीच. भाऊराव पाटील तेव्हां कोल्हापुरांत जैन बोर्डिंगमध्यें राहून शिकत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते हजर राहिले. परत आल्यावर आधीं स्नान करावें आणि मग जेवावयास बसावें, असें त्यांस सांगण्यांत आलें. त्यांनीं स्नान करण्यास नकार दिला. त्यांस तें वसतिगृह सोडावें लागलें. पुढें हेच भाऊराव १९१९ त रयत शिक्षण संस्था काढतात आणि १९२४ त साताऱ्यास असें वसतिगृह सुरू करतात कीं, जेथें सर्व जातींचीं मुलें एकत्र राबतात, एकत्र रांधतात, एकत्र जेवतात. १९२७ सालीं गांधींच्या हस्तें त्याला 'श्री छत्रपति शाहू बोर्डिंग हाऊस' असें नांव मिळालें. ज्या राजानें पंगतीचे तुकडे केले त्याचें नांव, ते तुकडे सांधणाऱ्या वसतिगृहाला! चरित्रकारांनीं या नामकरणांतली कृतज्ञता टिपली आहे, त्यांतला विनोद टिपलेला नाहीं. आणि मला वाटतें, भाऊरावांना तो कळला असावा.

चरित्रवाङ्मयाची आवड खोलीकडेच कशी झुकते याचें उदाहरण येथें सहज मिळतें. १९०५ सालीं विदेशी कापडाच्या होळीबद्दल सावरकरांना दहा रुपये दंड झाला आणि फर्ग्युसन कॉलेजच्या वसतिगृहांतून त्यांना काढण्यांत आलें. ती खोली स्मारक म्हणून जतन केलेली आहे; लोक ती पाहावयास जातात. डेक्कन कॉलेजांत टिळकांनीं पहिलें वर्ष अभ्यास बाजूस ठेवून शरीर कमावण्यांत घालवलें, ही कथा प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ आहे. भाऊरावांचा प्रसंग कथा म्हणून यांहून सरस आहे. होळी चौकांत पेटते, टोलेजंग असते, ती सर्वांना दिसते. आणि येथें एक मुलगा न्हाणीघराच्या दाराशीं उभा राहून फक्त 'नाहीं' म्हणतो. या प्रसंगांत नाट्य आहे तें न केलेल्या कृतींत. असा प्रसंग रंगवणें कठीण असतें, म्हणूनच बहुधा चरित्रांत तो चार ओळींत उरकला जातो. त्याची जागा दाखवावयास एखादी खोली नाहीं. पंगत उठली म्हणजे जमीन सारवून घेतात.

वसतिगृहांतून काढून लावणें ही शिक्षा शाळेंतून काढण्याहून सौम्य आहे असा एक समज संस्थाचालकांत रूढ आहे. जाणारा कोठें जाणार हें ज्याच्या-त्याच्या घरावर अवलंबून असतें, एवढें त्या समजांत गृहीत धरलेलें नसतें. हैदराबाद विद्यापीठांतील पांच दलित संशोधक विद्यार्थी २०१६ च्या जानेवारींत वसतिगृहाबाहेर काढले गेले तेव्हां त्यांनीं विद्यापीठाच्या आवारांतच उघड्यावर तंबू ठोकला. त्यांपैकीं रोहित वेमुला यानें त्या महिन्याच्या १७ तारखेस आत्महत्या केली. त्या घटनेवर राजकीय लिखाण पुष्कळ झालें. १९०८ च्या त्या चार ओळींशेजारीं ठेवून ती कोणी वाचली असती तर आमच्या वाङ्मयेतिहासाला बरें झालें असतें.

आतां त्या शेजाऱ्याकडे. प्र. ई. सोनकांबळे यांचें 'आठवणींचे पक्षी' १९७९ सालीं ग्रंथरूपानें आलें; त्याच्या आदल्या वर्षीं दया पवार यांचें 'बलुतं'. दोन्ही आत्मकथनें, दोहोंची ठेवण निराळी. पवार अधिक जाणते, अधिक सावध लेखक. त्यांनीं आरंभींच 'दया पवार' आणि 'दगडू' असे दोघे समोरासमोर बसवून त्यांना बोलतें केलें; म्हणजे सुशिक्षित माणसाचा एकाकीपणा त्यांनीं एका देहांत दोन माणसें कल्पून दाखवला. खेडें, मुंबईची वस्ती, संगमनेरचें बोर्डिंग, या सर्वांतून तो दगडू शिकत जातो. आणि जसजसा शिकतो तसतसा दया पवार त्याच्यापासून दूर सरतो. अस्तित्ववादाचा शब्दहि न उच्चारतां परात्मतेचें याहून नेटकें चित्र काढणें अवघड. सोनकांबळे यांच्याजवळ अशी योजना नाहीं. आईबापांवांचून वाढलेला हा मुलगा आठवेल तसें सांगतो. त्याच्या गद्यांत प्रसंगाचें माप भाकरी हें आहे: कोणीं दिली, किती दिली, देतांना काय बोललें. वाचतां वाचतां ध्यानांत येतें कीं, सांगवीकराच्या हिशेबासारखाच हाहि एक हिशेब आहे. फक्त तो घेणाऱ्याच्या बाजूनें मांडलेला आहे.

या दोन हिशेबांना एका वहींत आणावें, एवढेंच माझें टीकाकारांशीं मागणें आहे. तसें केलें असतां दोन्ही बाजूंचे गुणदोष अधिक स्पष्ट होतात. 'कोसला'चा दोष असा दिसतो कीं, शेजारच्या पाटावरच्या माणसाकडे ती फार चटकन् थट्टेच्या नजरेनें पाहते. वसतिगृहांतील इतर मुलें नायकाच्या चिडखोर विनोदाचीं पात्रें होतात, आणि आपल्या घरीं तीं काय खात असतील हा प्रश्न त्या विनोदाला पडत नाहीं. उलट आत्मकथनांचा दोष असा कीं, भूक आहे तोंवर त्यांची लेखणी अचूक चालते. वसतिगृहांत आल्यावर ताट नेमानें मिळूं लागलें कीं ती घाईला येते. वसतिगृह ही त्यांच्या लेखीं शिडी आहे, आणि शिडीच्या पायऱ्या कोणी वर्णन करीत बसत नाहीं. पोट भरल्यावर त्या मुलाचें रात्रीं काय होतें? ज्या घरीं ताट नाहीं त्या घराची आठवण भरल्या ताटावर बसलेल्याला कशी येते? पवारांनीं याचें कांहींसें उत्तर दिलें आहे. बहुतेकांनीं तो प्रश्न पायरीखालीं टाकला. म्हणजे असें कीं, सोनकांबळे यांची कथा जेथें धांवूं लागते नेमकी तेथूनच सांगवीकराची कथा सुरू होते, आणि मध्यें जो एक अध्याय असावयास हवा तो मराठींत फारसा कोणीं लिहिला नाहीं.

हा अध्याय लिहावयास स्वयंपाकघरांत जावें लागेल. साताऱ्याच्या बोर्डिंगांत धान्य संपलें तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रहि, मोडण्यास दिलें. १९३० सालीं त्या वारल्या. सभासंमेलनांतून या मंगळसूत्राची कथा इतकी सांगितली गेली आहे कीं, तिच्यावर आरतीचा शेंदूर चढला आहे. पण निरनिराळ्या जातींच्या मुलांचा स्वयंपाक एका चुलीवर करतांना त्या जैन गृहिणीच्या मनांत प्रथम काय आलें असेल, सोवळ्याचा कोणता भाग आधीं सुटला आणि कोणता मागाहून, कोणत्या मुलाच्या ताटाला हात लावतांना तो क्षणभर अडखळला असेल कीं नाहीं, हें कादंबरीकाराचें काम आहे आणि तें पडून आहे. आदर्श म्हणून ज्याला आपण नमस्कार करतों त्याच्याविषयीं कुतूहल दाखवणें आपल्याकडे अशिष्ट समजतात.

स्त्रियांच्या लेखनांत हें कुतूहल थोडें अधिक सांपडतें. पंडिता रमाबाईंचें शारदा सदन १८८९ सालीं मुंबईस निघालें आणि पुढल्याच वर्षीं पुण्यास आलें. तेथें राहून शिकलेल्या आनंदीबाई कर्वे यांचें 'माझे पुराण' (१९४४) हें पुस्तक या दृष्टीनें फिरून वाचण्यासारखें आहे. विधवेला मंगल पंक्तीला स्थान नव्हतें. सासरींमाहेरीं तिचें जेवण म्हणजे उरलेल्या वेळचें काम. तिला वेळेवर पान वाढणारी, पुस्तक हातीं देणारी जागा प्रथम मिळाली ती या सदनांत. जातीचे आचार ज्यांना पाळावयाचे त्यांना ते पाळूं देण्याचें धोरण रमाबाईंनीं ठेवलें होतें. तरी १८९३ त धर्मांतराच्या प्रश्नावर वादळ झालें आणि रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूस झाले. आनंदीबाई हें सारें घरगुती, खट्याळ भाषेंत सांगतात. तुटलेपणाचा सूर त्यांच्यापाशीं नाहीं. ज्या घरापासून तुटावयाचें तें घर त्यांना होतें कोठें?

खोली आणि पंगत यांचा विचार एकत्र केलेलें एक लहानसें लेखन आपल्यापाशीं आहे. पण तें इंग्रजींत असल्यामुळें व वाङ्मय म्हणून तें वाचण्याची कोणास संवय नसल्यामुळें त्याची गणना होत नाहीं. बाबासाहेब आंबेडकर १९१३ सालीं न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठांत गेले. आरंभीं ते विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्यें राहिले. तेथील जेवण न मानवल्यामुळें कॉस्मॉपॉलिटन क्लबांत गेले. पुढें लिव्हिंग्स्टन हॉलमध्यें नवल भथेना या पारशी मित्राबरोबर राहिले. १९१७ त बडोद्याला नोकरीवर रुजू होण्यास आले तों तेथें त्यांना राहावयास कोणी जागा देईना. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या, पुढें १९९० त पुस्तिकारूपानें प्रसिद्ध झालेल्या टांचणांत त्यांनीं हा प्रसंग लिहिला आहे. परदेशांतील वास्तव्यांत आपण अस्पृश्य आहों ही जाणीवच पुसली गेली होती, असें ते सांगतात. पारशी नांव घेऊन ते एका पारशी उतारूगृहांत राहतात. माडीवर एक लहानशी खोली, बाजूला मोडक्या बाकांनीं व अडगळीनें भरलेलें मोठें दालन, दुसरा उतारू कोणी नाहीं, रात्रीं एक कंदील आणि दालनांत घिरट्या घालणारीं वटवाघुळें. बोलावयास माणूस नाहीं म्हणून ते वाचीत बसतात. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेला पारशांचा जमाव येतो, खोली सोडावी लागते, आणि गाडीची वेळ होईपर्यंत हा कोलंबियाचा पदवीधर कामाठी बागेंत बसून राहतो.

ती माडीवरची खोली वाचतांना 'कोसला'च्या खोलीची आठवण होते. अंधार तोच, वाचनाचा आडोसाहि तोच. फरक एवढाच कीं, आंबेडकरांच्या खोलींतला एकांत कोठून आला हें वाचकाला क्षणभरहि विचारावें लागत नाहीं. सबंध शहराची पंगत त्या खोलीच्या दाराबाहेर बसलेली आहे. या गद्यांत एकहि अलंकार नाहीं, तक्रारीचा सूर नाहीं. वटवाघुळें सुद्धां होतीं म्हणून आलीं आहेत. असें असतां तें नेमाडे यांच्या गद्यापेक्षां कमी प्रतीचें ठरावें असें मला वाटत नाहीं. १९५० त हेच गृहस्थ औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय काढतात, आणि सोनकांबळे पुढें तेथें शिकावयास येतात, हा दुवा ज्यांना जुळवावयाचा असेल त्यांनीं जुळवावा.

'कोसला' जेथें अभ्यासाला असेल तेथें सॅलिंजरच्या जोडीनें हीं थोडीं पानेंहि नेमावींत, अशी सूचना मीं एका अभ्यासमंडळापुढें दोन वेळां ठेवली. मूळ लेखन इंग्रजी आहे म्हणून मराठीच्या मंडळानें ती इंग्रजीकडे पाठवली. मुद्दा मराठी कादंबरीचा आहे म्हणून इंग्रजीच्या मंडळानें ती मराठीकडे परत केली. सॅलिंजर कोणत्या भाषेंत लिहीत असे, हें मात्र दोन्ही सभांत कोणीं काढलें नाहीं.